चष्म्याची सावली

संग्रहालयातल्या जुन्या छायाचित्रांच्या दालनात शिरलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, इथले लाइट गेलेत का?"

लाइट गेलेले नसतात, मुद्दाम मंद केलेले असतात. कागद, कापड, जलरंग आणि जुने फोटो यांच्यावरचा उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवायचा, असा जगभरच्या संग्रहालयांचा प्रघात आहे. बाहेर अंगणात ऑक्टोबरच्या भर दुपारी हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. मी मुलांना तिथेच, भिंतीला टेकून, हिशेब करायला लावते. एक लाख भागिले पन्नास म्हणजे दोन हजार. दालन रोज आठ तास उघडं राहतं असं धरलं, तर उन्हातला एक तास म्हणजे दालनातले अडीचशे दिवस. नववीतल्या एका मुलाने हे आपल्या भाषेत सांगितलं होतं, "म्हणजे हा फोटो तासभर गच्चीत वाळत घातला तर त्याचं एक वर्ष संपलं." खरं तर जास्तच संपलं, कारण उन्हात अतिनील किरण असतात आणि दालनात ते शक्य तेवढे गाळून घेतलेले असतात.

मग संवर्धन विभागातल्या बाई एक पट्टी दाखवतात. निळ्या रंगात रंगवलेल्या लोकरीचे आठ तुकडे शेजारीशेजारी चिकटवलेले. पहिल्याचा रंग लवकर उडतो, दुसऱ्याचा त्याहून उशिरा, आणि आठव्याचा अगदी सावकाश. पट्टी अर्धी झाकून दालनात ठेवायची आणि काही महिन्यांनी झाकण काढून बघायचं, की वस्तूंना किती उजेड लागला ते कळतं. कधीकाळी ही पट्टी बघून मला वाटलं होतं, हाही फोटोच की! फार सावकाश निघणारा, आणि कोणालाच नको असलेला.

त्यानंतर आम्ही बाहेर अंगणात येतो आणि पुढचे चार दिवस, आत ज्याला मनाई आहे नेमकं तेच करतो. कागदावर ऊन पाडतो.

ही कार्यशाळा तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी, सोळाच जणांची. सोळाच का, तर ट्रे तेवढेच आहेत. नाव 'प्रायोगिक छायाचित्रण' असल्यामुळे निम्मी मुलं फिल्टर आणि एडिटिंग शिकायला मिळेल म्हणून येतात. मोबाइल काढून घेत नाही, पिशवीत ठेवायला सांगते. मोबाइलवर माझा राग नाही. आजचा फोन एका फोटोसाठी भराभर अनेक फ्रेम घेतो, त्या जुळवतो, अंधार उजळतो, चेहरा शोधून त्याच्यावर फोकस करतो. एवढं सगळं आपल्याला न विचारता होत असेल तर प्रयोग कशावर करायचा, एवढंच माझं म्हणणं.

पहिल्या दिवशी कॅमेरा नाहीच. मुदत संपलेला काळा-पांढरा फोटोपेपर, वर एखादी वस्तू, वर काच, आणि तासभर ऊन. कागद डोळ्यांदेखत गुलाबी, मग जांभळा, मग विटकरी होत जातो. वस्तू उचलली की खाली तिची फिकट आकृती. मुलं खूश होतात. आणि मग दहा-पंधरा मिनिटांत ती आकृतीही काळवंडायला लागते, कारण ऊन थांबत नाही. हे मी आधी सांगत नाही. धावपळ उडते, कोणी कागद टी-शर्टखाली लपवतं, कोणी पिशवीतून मोबाइल काढून पटकन फोटो काढून ठेवतं. आणि तेच बरोबर आहे! थॉमस वेजवुड आणि हम्फ्री डेव्ही यांनी १८०२ मध्ये इंग्लंडमध्ये चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर आणि पांढऱ्या चामड्यावर पानांच्या, काचेवरच्या चित्रांच्या अशाच छाया उमटवल्या होत्या. त्या टिकवायच्या कशा हे त्यांना जमलं नाही. मेणबत्तीच्या उजेडात चोरून बघायच्या आणि पुन्हा अंधारात ठेवायच्या, एवढंच त्यांच्या हाती होतं. खिशात मोबाइल नव्हता, हाच काय तो फरक. चित्र उमटवणं आणि चित्र टिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे टी-शर्टखाली कागद धरून उभ्या असलेल्या मुलाला सांगावं लागत नाही.

टिकवणारा क्षार, ज्याला फोटोग्राफर अजूनही हायपो म्हणतात, त्याचा चांदीवरचा गुण इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१९ मध्येच नोंदवून ठेवला होता. छायाचित्रणाची बातमी १८३९ मध्ये जगभर झाली तेव्हा तो कामी आला. याच हर्शेलने १८४२ मध्ये चांदी बाजूला ठेवून लोखंडाचे क्षार घेतले आणि निळं चित्र काढलं. ते सायनोटाइप. आमचा दुसरा दिवस त्याचा.

एका बाटलीत शंभर मिलिलिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत तेवढ्याच पाण्यात दहा ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही सारख्या प्रमाणात एकत्र करायचं, हातमोजे घालून रुंद ब्रशने जाड कागदावर लावायचं आणि अंधारात वाळवायचं. दुसऱ्या बाटलीचं लेबल कोणीतरी मोठ्याने वाचतंच आणि क्षणभर शांतता पसरते. "ताई, सायनाइड?" हा प्रश्न टाळायचा नसतो. यातलं सायनाइड लोखंडाला इतकं घट्ट धरून बसलेलं असतं की असं हाताळताना ते सुटत नाही. मात्र तीव्र आम्ल ओतलं किंवा ते तापवलं तर विषारी वायू निघू शकतो. म्हणून अंगणात ना आम्ल, ना शेगडी, आणि डबा आणलात तर तो पलीकडच्या कट्ट्यावर. शिवाय यातून तयार होणारा जो गडद निळा रंग, प्रशियन ब्लू, तो थॅलियमची विषबाधा झाल्यावर औषध म्हणून पोटात देतात, हे सांगितलं की मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

उन्हातले अतिनील किरण फेरिक लोखंडाला फेरस करतात. ते फेरिसायनाइडशी जुळलं की निळा रंग कागदाच्या तंतूंत बसतो. जिथे ऊन पोचलं नाही तिथला पिवळा थर पाण्यात धुऊन जातो. कपडे धुतल्यासारखं पाच-सात मिनिटं खळबळायचं, पांढऱ्या भागातला पिवळेपणा संपेपर्यंत. झालं. इंजिनिअर आणि आर्किटेक्ट लोकांचे नकाशे दशकानुदशकं याच रीतीने छापले गेले. 'ब्लूप्रिंट' शब्दातला ब्लू हाच.

वस्तू कोणत्या आणायच्या यावर मात्र एकदा वाद झाला होता. दसरा नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे मुलांनी पिशव्या भरून आपट्याची पानं आणली. संवर्धनवाल्या बाईंनी फाटकातच अडवलं. पानांतून, फुलांतून किडे येतात आणि कसर किंवा वाळवी एकदा आत शिरली की दोनशे वर्षांच्या कागदाचा फडशा पडतो. तेव्हापासून झाडपाल्याला इमारतीत प्रवेश नाही, सगळा कारभार अंगणात. आपट्याचं पान तसंही फसवं निघालं. जाड असल्यामुळे नुसता पांढरा ठसा उमटतो, आत काही नाही. जास्वंदीची पाकळी, कांद्याचा पापुद्रा, पिंपळाची जाळी झालेलं पान यांतून ऊन थोडं थोडं झिरपतं आणि शिरा दिसतात. हे सांगायची गरज नसते. शेजाऱ्याचा कागद बघून मुलं आपली वस्तू बदलतात.

इथे एका बाईंची गोष्ट सांगते, कारण मुली ती लक्ष देऊन ऐकतात. ॲना ॲटकिन्स, जन्म १७९९, इंग्लंड. वडील शास्त्रज्ञ, हर्शेलशी घरोबा. ॲना वनस्पती गोळा करायची, आणि समुद्रशेवाळाची चित्रं हाताने काढणं महाकठीण. १८४३ मध्ये तिने शेवाळच सायनोटाइपच्या कागदावर ठेवून उन्हात धरलं आणि पुढची दहा वर्षं हे काम चालवलं. जवळजवळ चारशे पानं, मजकूरही तिच्याच हस्ताक्षरात, तोही सायनोटाइपनेच उमटवलेला. छायाचित्रांनी सजलेलं हे पहिलं पुस्तक मानतात. तिने सही केली होती ती नुसती 'ए. ए.' अशी. पुढे कोणा अभ्यासकाने त्याचा अर्थ 'अनामिक हौशी' असा लावला होता!

आता चष्म्याकडे येते. या प्रकरणाचं नाव त्याच्यावरून आहे.

पट्टीचा प्रयोग झाला होता. म्हणजे एकाच कागदावर पुठ्ठा सरकवत दोन, चार, सहा, आठ, दहा मिनिटं ऊन द्यायचं, धुवायचं आणि कोणता निळा हवा ते निवडायचं. प्रत्येकाच्या वहीत वेळ, कागद, उन्हाची परिस्थिती. मुलांना या वहीचा जाम कंटाळा. एका मुलाने वही बाजूला ठेवली, डोळ्यांवरचा चष्मा काढला, कागदावर उताणा ठेवला आणि आठ मिनिटं आंधळ्यासारखा बसून राहिला. त्याचा अंदाज असा, की काड्या आणि फ्रेम पांढरी उमटेल आणि काच पारदर्शक, म्हणून तिथे निळं. कागद धुतला. फ्रेम पांढरी आणि भिंगंही जवळजवळ पांढरी, गॉगलच्या सावलीसारखी.

"पण मला तर आरपार दिसतं!"

मी उत्तर दिलं नाही. शिकवणाऱ्याला इथे जिभेवर ताबा ठेवावा लागतो, आणि मला तो नेहमी जमतो असं नाही. त्या दिवशी जमला. पाच मिनिटांत तीन मतं झाली. कोणी म्हणालं नंबरामुळे, कोणी म्हणालं भिंग फुगीर म्हणून. आठवीतली एक मुलगी काही न बोलता उठली आणि फाटकावरच्या वॉचमन काकांकडे गेली. काकांचा चष्मा जुना, जड, खऱ्या काचेचा. "काका, आठ मिनिटं द्या." काकांनी दिला. तो मुलाच्या चष्म्याशेजारी, एकाच कागदावर, एकाच वेळी ठेवला. धुतल्यावर मुलाची भिंगं पुन्हा पांढरी, काकांची निळी.

मग सांगितलं. हल्लीची भिंगं बहुधा प्लॅस्टिकची असतात आणि अतिनील किरण अडवतात. साधी काच त्यांतले बरेचसे जाऊ देते. आपल्या डोळ्याला दोन्ही सारखीच स्वच्छ दिसतात. कागद वेगळ्याच उजेडाने बघतो. हे कळल्यावर कार्यशाळा माझ्या हातून सुटली ती सुटलीच. एकीने आईची सनस्क्रीन आणली, पारदर्शक शीटवर बोटाने नाव लिहिलं, आणि निळ्यावर पांढरं नाव उमटलं. दुसऱ्याने दोन कंपन्यांच्या सनस्क्रीन शेजारी लावून बघितल्या. क्रीम कमीजास्त लागली तर तुलना खोटी ठरेल, हा मुद्दा त्यांच्यातल्याच एकाने काढला, आणि मग शीटवर चौकट आखून, तेवढ्याच चौकटीत, तेवढंच क्रीम. वही आपोआप बाहेर आली.

एक फजितीही सांगायला हवी. एका वर्षी हौसेने सुंदर हातकागद घेतला. निळा काही केल्या चढेना, चढला तर धुताना पळून जाई. अख्खी सकाळ उन्हाला दोष देत बसलो. दोष कागदात होता. कागद टिकावा म्हणून त्यात चुनखडीची भुकटी मिसळतात, आणि अल्कलीचं व प्रशियन ब्लूचं वैर. आता तोच दोष वापरते. तयार चित्र धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलं की निळा उतरून पिवळट होतो, आणि मग कडक कोऱ्या चहात टाकलं की काळपट-तपकिरी चढतो. चहाची किटली कॅन्टीनमधून येते. तिच्यावर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी लावावी लागते.

हे सगळं आधुनिक कलेचं खूळ आहे, असं पालकांना वाटतं. थोडं खरं आहे. १९२० च्या दशकात मॅन रे पॅरिसमध्ये आणि लास्लो मोहोली-नागी जर्मनीत कॅमेऱ्याशिवाय फोटो काढत होते. मोहोली-नागी बाउहाउस या कलाशाळेत शिकवायचा, आणि १९३७ मध्ये शिकागोत 'न्यू बाउहाउस' सुरू केल्यावर तिथेही प्रकाशाचा अभ्यास हा शिक्षणाचा भाग होता. पण आपल्याकडे यासाठी इतकं लांब जायला नको. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः कसलेले छायाचित्रकार. भायखळ्याच्या संग्रहालयाला आज ज्यांचं नाव आहे ते हेच भाऊ दाजी. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय केला. तो काळ ओल्या काचेचा. काचेवर कलोडियन ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. मुंबईच्या उकाड्यात ती किती भरभर वाळत असेल! रोजचा प्रत्येक फोटो हाच प्रयोग होता.

आणि दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या आधी १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप वाढताना थोडं थोडं चित्रण करत महिन्याहून जास्त काळ घालवला. सगळं जोडल्यावर जेमतेम मिनिटभराचा 'अंकुराची वाढ' तयार झाला. तो बघून भांडवल देणारे पटले. मुलांना हे सांगितलं की ती हमखास म्हणतात, "म्हणजे टाइमलॅप्स!" हो, टाइमलॅप्सच.

तिसरा आणि चौथा दिवस सुईच्या भोकाचा. बुटांचा खोका आतून काळा, एका बाजूला कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा, त्यात सुईने भोक, मागे फोटोपेपर. भोक किती मोठं? भोकापासून कागद दहा सेंटिमीटरवर असेल तर साधारण ०.४५ मिलिमीटर. त्याहून मोठं केलं की चित्र धूसर, आणि फार लहान केलं तरी धूसरच, कारण बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो. लहान म्हणजे चांगलं असं समजणाऱ्या मुलांना हे रुचत नाही. फोटोपेपर मंद असतो, भोक इवलंसं, म्हणून स्वच्छ उन्हात अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो.

डार्करूम म्हणजे मागचं बंद पडलेलं न्हाणीघर, लाल दिवा आणि तीन ट्रे. डेव्हलपरमध्ये चित्र उमलतं त्या क्षणाबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी लिहीत नाही. मला त्यानंतरची दोन मिनिटं आवडतात, कागद बाहेर उजेडात आणल्यावरची. आकाश काळंकुट्ट, झाडं पांढरी, सगळं उलटं. सोळांपैकी चार-पाच खोके गळके निघतात आणि कागदभर काळा ओरखडा येतो. मग खोका डोक्यावर धरून उजेड कुठून शिरतो ते शोधायचं आणि काळी टेप.

वॉचमन काकांचा पुन्हा उपयोग झाला. एका मुलीने फाटकाकडे खोका रोखला. त्या अर्ध्या मिनिटात शाळेची एक आख्खी सहल फाटकातून आत गेली. चित्रात फाटक, खुर्ची आणि खुर्चीवर काका. सहल नाही. "ताई, पोरं कुठं गेली?" मग मी काकांना फ्रेंच छायाचित्रकार दाग्युएरचा १८३८ चा पॅरिसमधला फोटो दाखवला. भर दिवसाचा गजबजलेला रस्ता, पण चित्रात रिकामा. कोपऱ्यात एकटा माणूस, बुटाला पॉलिश करून घेत पाय रोवून उभा राहिला म्हणून उमटलेला. काकांनी तो फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "आमची ड्यूटीच बसायची."

शेवटच्या दिवशी गच्चीवर एक कॅन बांधतो, आत फोटोपेपर आणि बाजूला सुईचं भोक. तो सहा महिने काढायचा नाही. रोजच्या सूर्याची एक एक कमान त्यात उमटते. हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या वेधशाळेत असाच एक कॅन २०१२ मध्ये लावला होता. तो विसरला गेला आणि २०२० मध्ये, आठ वर्षांनी सापडला. त्यात सूर्याच्या २,९५३ वाटा मोजल्या गेल्या. आमच्याकडे एप्रिलमध्ये लावलेला कॅन दिवाळीच्या सुमारास काढला, तर काही पट्ट्यांत कमानी तुटक, विरळ. ते पावसाळ्याचे महिने. मुलांनी त्या तुटक भागाखाली पेन्सिलने लिहिलं: जून, जुलै.

कार्यशाळा संपून महिना झाल्यावर चष्मेवाल्या मुलाचा फोन आला. त्याने चष्म्याचं चित्र फ्रेम करून खिडकीसमोर टांगलं होतं. "ताई, निळा उडाला. फिका पडला पार." आवाज रडवेला. मी म्हटलं, फ्रेममधून काढ, कपाटाच्या खणात ठेव, आठवडाभर उघडू नकोस. त्याला ही थट्टा वाटली. पण सायनोटाइपची ही खोड आहे. उन्हात प्रशियन ब्लूचं रंगहीन रूप होतं, आणि अंधारात हवेतला ऑक्सिजन त्याला हळूहळू पुन्हा निळं करतो. दालनातल्या चांदीच्या जुन्या फोटोंना ही सोय नाही.

दहाव्या दिवशी त्याने मोबाइलवर फोटो पाठवला. निळा परत आला होता, पांढरी भिंगं ठळक. चित्र आता त्याने चिकटवलं होतं ते कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, शाळेच्या गणवेशाशेजारी. खाली कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: "दार बंद करा."